बरोबरची खूण केली तर पोरगी रडली!

या वेळचं पत्र तोक्योच्या निशी-कासाईमधून आलंय. पत्र चार पानी आहे, नवऱ्याच्या ऑफिसच्या तक्रारी वगळून मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, मी मूळची सांगलीची. तिथे सहा वर्षं इंग्लिश मीडियमच्या छोट्या गटाला शिकवलं. नवरा आयटीत, त्याच्यामागून इकडे आले आणि गेल्या एप्रिलपासून एका खाजगी योचिएनमध्ये, म्हणजे बालवाडीत, आठवड्यातून चार दिवस इंग्लिश शिकवते. सगळे गोड बोलतात पण कोणी काही सांगत नाही, मला कशाचा काही अंदाजच येत नाही. वर्कशीटवर बरोबरची खूण केली तर पाच वर्षांची मुलगी ओठ काढून रडायला लागली. ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा कार्यक्रम सुचवला तर 'विचार करतो' म्हणाले, दिवाळी होऊन गेली, संक्रांत आली तरी विचारच चालू आहे. आईवडील वर्ग बघायला आले त्या दिवशी एरवी छप्पर डोक्यावर घेणारी मुलं तोंडाला कुलूप लावून बसली. जेवणात मासे असतात म्हणून मी जेवायच्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. परवा मुख्य बाई म्हणाल्या 'सेन्सेई, तुमचा वर्ग रोज किती उत्साही असतो', मला बरं वाटलं, घरी सांगितलं तर नवरा म्हणतो हा टोमणाच आहे. आता मार्चमध्ये सोडून द्यावं असं वाटतंय. मी त्यांना आवडत नाही का? – गोंधळलेली सेन्सेई"

अगं बाई, आधी त्या खुणेचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

जपानमध्ये बरोबर उत्तराभोवती गोल करतात, त्याला मारु म्हणतात. आणि आपली जी बरोबरची टिक आहे ना, ती तिकडे चुकलं या अर्थानं करतात, फुलीची बहीणच समज. म्हणजे त्या पोरीनं जीव लावून सगळं बरोबर केलं आणि तू लाल पेनानं प्रत्येक उत्तरापुढे चूक, चूक, चूक असं करून वर हसत हसत कागद तिच्या हातात दिलास. ती रडणार नाही तर काय करणार!

आता माझं ऐक. मी तिकडे कावासाकीला पहिली नोकरी धरली तेव्हा अख्ख्या वर्गाच्या वह्या अशाच टिक मारून ठेवल्या होत्या, पुण्यात बीएडला मिळालेली सवय, हात आपोआप तसाच चालतो. कोणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात वह्या परत हातात आल्या तर माझ्या प्रत्येक टिकच्या डोक्यावर लाल फूल. वर्गाच्या मुख्य शिक्षिकेनं, तान्निन सेन्सेईनं, शाळा सुटल्यावर बसून माझ्या टिकचा देठ केला होता, आखूड दांडीचं पान केलं होतं आणि वर गोल गोल फिरवून पाकळ्या काढल्या होत्या. या फुलाला हानामारु म्हणतात, एकदम मस्त केलंस तर मिळणारं. काही वह्यांत तर फुलपाखरू पण होतं. आणि मला याबद्दल एक शब्द नाही, रोजच्यासारखं वाकून 'ओत्सुकारेसामा देसु', म्हणजे दमलीस गं बाई, आणि चालली घरी.

मला त्या दिवशी इतका राग आला होता, की माझ्या मागे माझं काम सुधारतात आणि तोंडावर सांगत नाहीत, काय समजतात काय मला. पुष्कळ महिन्यांनी डोक्यात प्रकाश पडला की त्या बाईनं मला आयांच्या फोनपासून वाचवलं होतं, आणि वर कसं करायचं ते करूनही दाखवलं होतं, फक्त मी तोंडाकडे बघत बसले होते आणि सांगणं तिच्या हातात होतं. तेव्हा तू म्हणतेस ना की मला कोणी काही सांगत नाही, ते अर्धंच खरं आहे. सांगतात, पण समोर उभं राहून नाही, बाजूनं सांगतात. उद्यापासून लाल पेनानं गोल कर आणि त्या पोरीला एक मोठं हानामारु काढून दे. आणि हो, लाल पेन हातात आहेच तर हे पण, मुलांची नावं लाल शाईनं लिहायची नाहीत कधी, तिकडे ते अशुभ मानतात, मरणाशी जोडलेलं आहे. हजेरीत, नावाच्या पट्टीवर, वाढदिवसाच्या कार्डावर, कुठेच नाही.

खुणांचा हा घोळ मुलांच्या बाबतीत पण असतो बरं का, आणि तो तुला शिकवताना उपयोगी पडेल. तिकडे 'मी' म्हणताना छातीला हात नाही लावत, बोट नाकाला लावतात. मी नाकाचं चित्र दाखवून 'नोज' शिकवत होते स्वतःच्या नाकाला बोट लावून, आणि तीन वर्षांची मंडळी आळीपाळीनं आपापलं नाव सांगायला लागली. बोटं मोजताना ती उघडा पंजा घेऊन अंगठ्यापासून एकेक बोट आत मिटत जातात, आपण पेरांवर मोजतो ते बघून त्यांना वाटतं ही बाई काहीतरी जादू करतेय. आणि सगळ्यात भारी म्हणजे मी पहिल्या दिवशी सवयीनं हात जोडून नमस्कार केला तर समोरची सगळी पिल्लं एका सुरात हात जोडून 'इतादाकिमासु!' कारण हात जोडतात ते जेवायच्या आधी. म्हटलं, मला खाताय की काय.

आता दिवाळी. 'विचार करतो' हे उत्तर आहे गं, आणि ते नाही असं आहे. 'केन्तो शिमासु' म्हणाले असतील किंवा दात आत ओढून नुसतंच 'चोत्तो...' म्हणून वाक्य हवेत सोडलं असेल, त्या अर्धवट वाक्यापुढचं आपण समजून घ्यायचं. पण नाही का आलं ते बघ. तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि वर्षभराचं सगळं वेळापत्रक त्याच्या आधीच ठरलेलं असतं, कुठल्या दिवशी खेळांचा उत्सव, कुठल्या दिवशी रताळी खणायला जायचं, सगळं. तू ऑक्टोबरमध्ये जाऊन, तेही थेट मुख्य बाईंकडे, तेही बहुतेक मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलंस (खरं सांग, तसंच केलंस ना). आता त्यांनी हो म्हटलं तर वेळापत्रक मोडायचं, नाही म्हटलं तर तुझा सगळ्यांसमोर पडलेला चेहरा बघायचा. म्हणून मग विचार.

यावर तिकडचाच उपाय आहे, नेमावाशी. मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं असेल तर माळी बरेच महिने आधी मुळांभोवती खणून ठेवतो, मुळं थोडी थोडी छाटतो, नवी फुटू देतो, मग हलवतो, तो हा शब्द. ऑफिसात, शाळेत सगळीकडे हेच चालतं. म्हणजे मीटिंगमध्ये विषय निघतो तेव्हा खरं तर सगळ्यांचं आधीच बोलून झालेलं असतं. आणि आता जानेवारी आहे, पुढच्या वर्षाचं ठरायची हीच वेळ! आधी तुझ्या तान्निन सेन्सेईला एकटीला गाठ, सहज बोलल्यासारखं, 'आमच्याकडे असं असतं, मुलांना आवडेल का हो?' ती काय म्हणते ते ऐक, ती जी अडचण सांगेल ती लिहून घे आणि तिचं उत्तर शोधून पुन्हा तिच्याकडेच जा. मग ती तुला सिनियर बाईंकडे नेईल. मुख्य बाईंपर्यंत सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा कागदावर, किती मिनिटं, काय सामान, कुठली खोली. पणत्या विसर, आग म्हटलं की तिथेच संपलं. आकाशकंदील ठेव. ती मुलं तीन वर्षांची असल्यापासून कागदाच्या घड्या घालतात, मोठ्या गटातली पोरं तुझ्यापेक्षा सरळ कातरतील, माझ्यापेक्षा तर नक्कीच.

आईवडील आले तो दिवस म्हणजे सान्कानबी, याच्यावर जरा जास्त बोलते कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त दुःख त्याचंच दिसतंय. आधी हे समजून घे की तो दिवस त्या शाळेसाठी केवढा मोठा आहे. २०२० पासून तिकडच्या प्राथमिक शाळांत तिसरीपासून इंग्लिशची ओळख आणि पाचवीपासून रीतसर विषय झाला, मार्कांसकट. त्यामुळे आयांना घाई झालीय आणि खाजगी योचिएन आमच्याकडे इंग्लिश आहे असं सांगूनच मुलं मिळवतात, तेव्हा भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या त्या सगळ्या आया तुला बघायला आलेल्या असतात. तू काय केलं असशील ते मला इथे बसून दिसतंय, एकेका मुलाला उभं करून 'व्हॉट इज धिस?' विचारलं असशील. सांगलीत चाललं असतं, तिथली पोरं पाहुणे आले की जास्तच बोलतात, कविता म्हणून दाखव म्हटलं की तीन म्हणतात. तिकडे चारचौघांत एकट्यानं चुकणं ही फार मोठी गोष्ट आहे, पाच वर्षांच्या पोराला पण ते कळतं, आणि मागे आई उभी. मग ते शेजारच्याकडे बघतं, शेजारचं अजून शेजारच्याकडे, झालं.

मी दोन वर्षं मार खाऊन मग असं करायला लागले. एकट्याला काहीच विचारायचं नाही. आधी सगळ्यांनी मिळून, मग अर्ध्या वर्गानं, मग एका रांगेनं, मग दोघादोघांनी, आणि तेही प्रश्न-उत्तर नाही, जानकेन. दगड-कागद-कात्री गं, तिकडे त्यावर जग चालतं, उरलेलं एक पुडिंग कोणाला यापासून रांगेत पुढे कोण इथपर्यंत. ते इंग्लिशमध्ये शिकव, 'रॉक, सिझर्स, पेपर, वन टू थ्री', हरणारा जिंकणाऱ्याला रंग सांगणार नाहीतर प्राण्याचं नाव, आणि हरल्यावर बोलायचं म्हणजे लाज वाटायचं कारणच उरत नाही, नशीबच तसं होतं ना! आणि त्या दिवशी नवीन काही करायचं नाही. जे गाणं मुलांनी पन्नास वेळा म्हटलंय तेच एक्कावन्नाव्यांदा. आपल्याला वाटतं काहीतरी वेगळं दाखवू, पण त्या आयांना आपलं पोर सगळ्यांबरोबर हात हलवताना दिसलं की त्या खूश. शेवटी मुलांना आईजवळ पाठवून जानकेन खेळायला लावलंस तर आयांचं पण इंग्लिश निघतं, हसतात, खूप हसतात.

उच्चारांचं तू विचारलं नाहीस पण सांगतेच, ती मुलं प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर लावतात, 'डॉग'चं 'दोग्गु', 'कॅट'चं 'क्यात्तो', कारण त्यांच्या लिपीत नुसतं व्यंजन असं जवळजवळ नाहीच. टाळी वाजवून शिकव, कॅट म्हणजे एकच टाळी. पुरे होतं या वयाला, जास्त मागे लागू नकोस.

जेवण. हे मात्र लगेच बदल, उद्याच. मुलांबरोबर जेवणं हा तिकडे शिक्षणाचा भाग धरतात, त्याला सुट्टी समजू नकोस. तू उठून दुसऱ्या खोलीत गेलीस की कोणी विचारणार नाही पण प्रत्येकाला प्रश्न पडणार, आजारी आहे का, आमच्यात बसायला आवडत नाही का. व्हेजिटेरियन म्हटलं की ते बिचारे मिसो सूपमधले माशाचे तुकडे काढून देतात आणि सूप तसंच, कारण चवीचं पाणी, दाशी, तेच मुळी वाळवलेल्या माशाचं असतं आणि ते त्यांना मासा वाटतच नाही, जसं आपल्याला फोडणी म्हणजे भाजी वाटत नाही. त्यामुळे एकदाच नीट सांग, माशाचं दाशी पण चालत नाही, आणि माझी काळजी करू नका, मी डबा आणते. मग मुलांच्यात बस, हात जोडून इतादाकिमासु म्हण आणि डबा उघड. माझ्या पोह्यांभोवती गर्दी व्हायची, 'सेन्सेई, करे?' कारण पिवळं दिसलं की ती करीच. नो, धिस इज पोहे. येलो पोहे. त्या वर्गाला येलो हा शब्द मला शिकवावा लागलाच नाही. लसणाची चटणी मात्र घरी ठेव, खोली बंद असते गं थंडीत.

'किती उत्साही वर्ग' हे टोमणा आहे का? असू शकतो, नसूही शकतो, तुझा नवरा इतकं ठाम कसं सांगतो मला माहीत नाही. शोधायची सोपी युक्ती आहे, शेजारच्या वर्गाच्या बाईंना जाऊन विचार, 'आमचा आवाज तुमच्याकडे येतो का, सॉरी हं.' ती 'नाही नाही, अजिबात नाही' म्हणेलच, ते ऐकू नकोस, म्हणायच्या आधी किती थांबली ते बघ. थांबली असेल तर नाचाची गाणी त्यांचा वर्ग मैदानावर असतो त्या वेळेला हलव, आणि आठवड्यानं तिला सांग की हलवलं. एवढ्यानं फरक पडतो, फार पडतो.

हे जे सांगत राहणं आहे ना, त्याला तिकडे होरेनसो म्हणतात, होकोकू-रेनराकू-सोदान यांची पहिली अक्षरं, म्हणजे काय झालं ते कळवा, निरोप पोचवा, करायच्या आधी विचारा. आणि होरेनसो म्हणजे पालकाची भाजी! आपल्याकडे पालक म्हणजे आईवडील पण, त्यामुळे मला ते कधीच विसरायला झालं नाही. कुठल्याही पोराला साधं खरचटलं तरी सुटायच्या आधी तान्निनला सांगायचं, म्हणजे ती आईला रोजच्या वहीत लिहिते. आई घरी पोराच्या गुडघ्यावर पट्टी बघते आणि वहीत काही नाही, तिकडे यापेक्षा वाईट काही नाही. खरचटल्याचं माफ होतं, न कळवल्याचं होत नाही. तसंच गावाहून परत गेलीस की सगळ्यांसाठी खाऊ, पण एकेक वेगळा गुंडाळलेला, उघड्या डब्यातले बेसनाचे लाडू बघून ते हात कुठे घालायचा विचारात पडतात, मी पाहिलंय. आणि कोणी काही मदत केली तर तेव्हा थँक्यू म्हणून संपत नाही, दुसऱ्यांदा भेटल्यावर 'त्या दिवशीबद्दल आभार' म्हणायचं. आपल्याला हे फार वाटतं, आपल्यात आभार मानले की उलट परकं वाटतं, पण तिकडे ते न म्हणणारा माणूस विसराळू ठरतो.

आता इतकं सगळं जुळवून घे म्हटलं म्हणून सगळंच नको. माझ्या एका ठिकाणी, नाव नाही घेत, मला हळूच सुचवलं होतं की आयांनी विचारलं तर कुठल्या देशाची ते जरा मोघम ठेवा, इंग्लिश म्हटलं की त्यांना गोरा चेहरा हवा असतो. मी चार महिने मोघम राहिले आणि त्या चार महिन्यांची मला अजून लाज वाटते. तू तर निशी-कासाईत राहतेस, ते ज्या वॉर्डात येतं त्या एदोगावाच्या लोकांनी २०१९ मध्ये आपल्या योगेंद्र पुराणिकांना वॉर्डच्या सभेत निवडून दिलंय, तिथे भारतीय बाई म्हणजे नवल नाही. कोणी विचारलं तर सांगली सांग, नकाशा काढून दाखव. तसंच बिनपगारी थांबणं, एकदा दोनदा कार्यक्रमाच्या आधी ठीक आहे, रोजचं झालं तर करारातले तास दाखवून शांतपणे विचार. आणि तू संध्याकाळी अजून एक क्लास घ्यायचं लिहिलंयस (ते मी वर गाळलंय), तर डिपेंडंट व्हिसावर कामाची परवानगी काढली तरी आठवड्याला २८ तासच, सगळ्या नोकऱ्या मिळून, हे डोक्यात ठेवून हो म्हण.

राहिलं सोडायचं. आवडत नाही का म्हणून विचारतेस, तर मला नाही वाटत तसं. आवडत नसती तर मुख्य बाई तुझ्याशी जास्तच गोड आणि कमी बोलल्या असत्या, वर्गावर काही म्हणायच्या भानगडीत पडल्याच नसत्या. पण तुला खरंच सोडायचं असेल तर मार्चच्या शेवटी नको, आत्ता, या महिन्यातच सांग, म्हणजे त्यांना एप्रिलसाठी माणूस शोधता येईल, आणि आधी तान्निनशी बोल. माझं मत विचारशील तर अजून एक वर्ष काढ. पहिल्या वर्षी आपण फक्त आपण कुठे चुकलो एवढंच बघत असतो, एप्रिलमध्ये तीन वर्षांची नवी रडकी बॅच येईल, बूट उलटे घातलेली, त्यांना तर तुझ्याएवढं पण काही माहीत नसतं.

आणि त्याआधी सेत्सुबुनचा सण येतोय, फेब्रुवारीच्या ३ तारखेच्या आसपास, त्याची तयारी ठेव. कोणीतरी शिक्षक लाल राक्षसाचा, ओनीचा, मुखवटा घालून वर्गात घुसतो आणि मुलं 'ओनी वा सोतो', म्हणजे ओनी बाहेर, असं ओरडत त्याला सोयाबीन फेकून हाकलतात, लहानांच्या घशात अडकतात म्हणून हल्ली बऱ्याच ठिकाणी वर्तमानपत्राचे गोळे असतात. अर्धी मुलं किंचाळून तुझ्या पाठीमागे येऊन लपतील, ओढणी घट्ट पिन करून जा. बहुतेक या वर्षी ओनी कोण होणार याची बाई अजून शोधाशोध करत असतील. तू विचारून बघ. तान्निनला आधी.

– ताई